चार वाजताचा बिघाड

चोरीचा माल न वापरणारा संगणकवाला मी उभ्या तालुक्यात एकच पाहिला, आणि तो तांब्या-पितळेची भांडी विकत होता. ते माझे घरमालक. नारायणगावच्या बाजारात खाली त्यांचं दुकान आणि वरच्या खोलीत माझा सहा मशीनचा कॉम्प्युटर क्लास. पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून घराणं इथलंच. शेठ आमच्यापेक्षा अस्सल जुन्नरी बोलत. नव्या शतकाची पहिली वर्षं होती. जैनांच्या पर्युषणात कुणा महाराजांनी अचौर्यावर, म्हणजे चोरी न करण्यावर, प्रवचन दिलं. बाकीच्या श्रावकांनी ते भक्तिभावाने ऐकलं आणि मंडपातच ठेवून घरी गेले. शेठ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून माझ्याकडे आले.

"सर, ते विंडोज तुमी विकत घेतलंय का?"

मी हसलो. "शेठ, तालुक्यात कुणीच नाही घेतलेलं. सीडी मित्राकडून आणायची आणि टाकायची."

"मग ती चोरीच झाली की," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या छताखाली नको."

त्यांनीच मग पुण्याहून एक इंग्रजी मासिक आणलं. त्याबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची सीडी फुकट होती आणि कुणालाही वाटायची मुभा होती. आधी त्यांनी ती दुकानातल्या स्वतःच्या मशीनवर टाकली. पहिल्याच प्रयत्नात मशीनवरचं सगळं पुसलं गेलं, त्यात मुलाच्या लग्नाचे फोटोही गेले. शेठाणीकाकूंनी रागाने आठ दिवस भाजीत मीठ घातलं नाही. "बरं झालं," शेठ म्हणाले, "अळणी जेवणाचं व्रत करायचं राह्यलंच व्हतं." मग पडदा काळाच राहू लागला. मॉनिटर कोणत्या वेगाने चालतो तो आकडा मशीनला हाताने लिहून द्यावा लागे. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत जपणारा माणूस गावात हाच, त्यामुळे तो आकडा सापडला. मोडेम चालायला इंटरनेटवरची एक फाइल हवी होती, आणि इंटरनेट चालायला मोडेम. शेठ एस.टी.ने पुण्याला जाऊन ती फाइल फ्लॉपीवर घेऊन आले. इथे फ्लॉपी वाचली गेली नाही. पुन्हा गेले आणि तीच फाइल तीन फ्लॉप्यांवर घेऊन स्टीलच्या डब्यात घालून परतले. प्रणालीचा एक भाग मशीनवरच तयार करून घ्यावा लागे. त्याला चार तास लागत आणि आमच्याकडची वीज तीन तासांनी जाई. पण पडद्यावर चूक झाल्याचा संदेश उमटला की त्यांचा चेहरा खुले. "सांगतंय तरी, कुठं दुखतंय," ते म्हणत. "मान्सं सांगत न्हाईत."

हे वाक्य ते माझ्यासमोर म्हणत, आणि मी मान डोलवत असे.

खरं तर तोवर माझी लबाडी सुरू झाली होती. शेठनी महिनाभर खपून माझ्या सहाही मशीनवर लिनक्स बसवलं आणि पंधरा दिवसांत माझे विद्यार्थी गळू लागले. वारूळवाडीच्या एका बापाने तोंडावर सांगितलं, "सर, पोरीला नोकरी लागंल असं शिकवा. हे लिनक्स का फिनक्स काय करायचंय आमाला?" स्टँडजवळच्या क्लासवाल्याने बोर्डावर विंडोज एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की ते एस.टी.तून दिसे. मी घाबरलो. प्रत्येक डिस्कचा अर्धा भाग गुपचूप वेगळा काढून त्यात विंडोज घातलं. मशीन नुसतं सुरू केलं तर लिनक्सच यायचं. विंडोजसाठी एक कळ दाबून धरावी लागे, आणि ती कळ मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

शेठ रोज चारला वर येत. दुकानातल्या सुस्तीची वेळ तीच. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की सहाही जण मशीन पुन्हा सुरू करत. पोरांना त्यात भारी मजा वाटे. शेठ वर पोचत तेव्हा सहाही पडद्यांवर लिनक्स सुरू होतानाच्या ओळी सरकत असत. काही दिवसांनी ते मला म्हणाले, "सर, ही मशीनं चारच्या सुमाराला बंद पडून पुन्हा चालू व्हत्यात. कुठंतरी बिघाड हाये."

"विजेचं काहीतरी असेल," मी म्हणालो.

पुढचे दोन महिने त्यांनी तो बिघाड शोधला. वायरमन आणून खोलीची वायरिंग बदलली. व्होल्टेज मोजायचं यंत्र आणून रोज साडेतीनपासून नोंदी केल्या. लिनक्सवाल्यांच्या एका ईमेल-गटावर शब्दकोश घेऊन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की सहा मशीन रोज चार वाजता आपोआप बंद पडून पुन्हा का सुरू होतात. तिथले लोक तिरसट. आधी माहितीपुस्तिका वाचा म्हणाले. शेठनी उलट टपाली कोणकोणती पानं वाचली ते कळवलं आणि कोणतं राहिलं ते नम्रपणे विचारलं. मग मात्र कुठल्या कुठल्या देशांतली अनोळखी माणसं कळकळीने उपाय सुचवू लागली. शेठ ती पत्रं छापून मला वाचून दाखवत. मी ऐकत असे. आजही मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या ऐकण्याची.

एका रविवारी मी ओझरला एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर शेठ वर, चौथ्या मशीनसमोर बसलेले. कुणीतरी सुचवलं म्हणून ते डिस्क तपासायला आले होते. पडद्यावर डिस्कचे भाग मांडलेले होते.

"सर, ही निम्मी जागा कशाची?"

"जुनं काहीतरी राहिलं असेल."

"साही मशीनवर?"

मी खिडकी उघडायला वळलो.

"पोरांना ठावं व्हतं?"

"हो."

"समद्यांना?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "म्हंजे मशीनमधी बिघाड नव्हता," ते म्हणाले. मग उठता उठता थांबले. "ह्या मशीनचं विंडोज सुरू व्हत नव्हतं. कुणा पोरीचं काम हाये त्यात, म्हणून ते बी नीट केलंय. बघून घ्या."

खोली सोडा असं ते म्हणतील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. तसं ते म्हणाले नाहीत. फक्त वर यायचे थांबले.

दिवाळीनंतर काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, कॉम्प्युटरवर प्रवचन लावायचं म्हणून यांची आठ दिवस खटपट चाललीय, आवाजच येत नाही. मला उत्तर ठाऊक होतं. त्या लिनक्सवर आवाज मुळातच बंद ठेवलेला असे. एक अक्षर दाबून तो उघडावा लागे. मी ते चिठ्ठीवर लिहून काकूंच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीखालून महाराजांचा आवाज येऊ लागला. विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसले. मी त्यांना गप्प केलं, पण शेठ काही वर आले नाहीत.

वर्षभराने मी क्लास हलवला आणि किल्ली द्यायला खाली गेलो. मनात बरंच काही जुळवून नेलं होतं, पण समोर गेल्यावर एवढंच विचारता आलं, "आवाज नीट येतो ना, शेठ?"

"येतो की," ते म्हणाले. "पुस्तिकेत बी व्हतं ते अक्षर. माझ्याच नजरंतून सुटलं." किल्ली घेऊन त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो चहा मी जमेल तितका सावकाश प्यालो.