साळुंकीचं दीड किलो

राजुरीच्या धर्माजीला घोडी आणि घोड्याबद्दल काही विचारू नये, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सगळे विचारत. आळेफाट्याच्या हॉटेलात तो चहाला टेकला की एखादा ट्रकवाला हटकून म्हणे, "धर्माजीभाऊ, घोडी घोड्याला हरवती का वो?"

"हरवती," धर्माजी सांगे. "पर मानसं हरवू देत न्हाईत."

पुढं तो बोलत नसे. ऐकणाऱ्यांना वाटे, रेसकोर्सच्या मोठ्या लोकांवर राग आहे म्हाताऱ्याचा.

धर्माजी वीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होता. शेती आणि घर सरूबाईनं, त्याच्या बायकोनं सांभाळलं. तो पुण्यात पहाटे उठून घोड्याला खरारा करी, पाय धुई, दाणा चारी, मैदानावर नेऊन आणी. पंच्याण्णव साली त्याच्याकडे एक तांबूस फिली आली. रेसच्या तरुण घोडीला तिथं फिली म्हणतात. शर्यतीच्या कार्डावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते त्याच्या जिभेवर बसेना. त्यानं तिला साळुंकी म्हणायला सुरुवात केली, कारण उभी असतानाही तिची मान सारखी इकडून तिकडं होई.

शेजारच्या ठाणावर भिका सईसाचा घोडा होता. भिका आंबेगावच्या डोंगरातला, भातशेतीवाल्या घरचा. त्याच्या घोड्याचं नाव त्यानं पाटील ठेवलं होतं, कारण तो दाणा समोर आल्याशिवाय मान हलवत नसे.

पहिल्या वर्षी साळुंकी फक्त फिलींच्या शर्यतींत पळाली आणि तीन जिंकली. रीतच तशी होती. घोड्यांच्या मोठ्या शर्यतीत फिली क्वचित उतरवत, आणि उतरवली तर तिच्या पाठीवर दीड किलो वजन कमी ठेवत. ती हरली तर लोक म्हणत, फिली कुठं टिकतात घोड्यांपुढं. जिंकली तर म्हणत, दीड किलो माफ होतं.

दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, साळुंकीनं घोड्यांबरोबरची एक लहान शर्यत मारली. मालकानं तिचं नाव सप्टेंबरच्या मोठ्या शर्यतीत घातलं आणि ट्रेनरला धर्माजीसमोरच सांगितलं, "पहिल्या तिघांत आली तर मुंबईच्या हंगामाला नेऊ. नाही आली तर स्टडला पाठवू, पिल्लं तरी देईल."

त्या शर्यतीत पाटीलही होता.

"दीड किलोची खैरात घेऊन पळायचं आन् मिरवायचं," भिका टोपलीत गवत भरता भरता म्हणे. "माझा पाटील तेवढं तर शेपटीवर उचलंल."

"मंग शेपटीवरच उचल म्हनावं. पाठ मोकळी राहील त्याची."

"दीड किलो म्हंजी किती, ठाव हाय का राव?"

"तुझ्या घरी एका वक्ताला शिजतो तेवढा भात."

"आमच्या घरी? आमी काय चिमण्या हाय व्हय?"

सगळे सईस हसत. पण धर्माजीला हे दीड किलो आतून खुपत होतं. साळुंकीनं नुसतं जिंकून भागणार नव्हतं. ती एवढ्या अंतरानं जिंकायला हवी होती, की वजनाचं नाव कुणी काढू नये. दोन महिने तो रजेवर गेला नाही. सरूबाईनं निरोप धाडला, "त्या घोडीला इचार, माझ्या धन्याला कधी सोडती."

शर्यतीला दोन दिवस होते. सकाळी साळुंकीनं दाण्याची बादली लाथेनं उडवली. खरारा करताना ती किंचाळली, शेपूट वर धरून थोडं थोडं मुतू लागली, आणि घोड्यांची रांग मैदानावरून परतली तेव्हा कान टवकारून त्यांच्याकडं बघत राहिली. धर्माजीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. घोडी माजावर आली होती. अशा वेळी तिचं मन पळण्यात राहत नाही. ट्रेनरला कळलं तर तो नाव मागं घेणार, हेही त्याला ठाऊक होतं. मग शर्यत नाही, मुंबई नाही. आणि पाटलापुढं ती उभीच राहिली नाही, असं भिका जन्मभर म्हणणार.

संध्याकाळी ट्रेनर रोजच्यासारखा ठाणाठाणावरून फिरला. तो प्रत्येक जनावराच्या पायावरून हात फिरवी आणि सईसाला एकच विचारी. सईसाच्या उत्तरावर तो विसंबून असे, कारण दिवसभर जनावराजवळ सईसच असतो. इतक्या वर्षांत धर्माजीनं साधा खोकलाही लपवला नव्हता.

"सब ठीक?"

"ठीक हाय, साहेब."

दुसऱ्या संध्याकाळीही त्यानं तेच सांगितलं. तिला पळताना वारा लागला की सगळं विसरेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

शर्यतीच्या दिवशी ती घामानं निथळत होती. गर्दीला बुजली असेल, असं ट्रेनर म्हणाला. दार उघडलं तशी ती सुटली मात्र सुरेख. वळणावर ती दुसरी होती, पाटलाच्या खांद्याशी. धर्माजी कठड्याला धरून उभा होता. शेवटचे दोनशे मीटर उरले. इथं ती दर वेळी कान मागं टाकून सुटत असे. त्या दिवशी तिचे कान पुढंच राहिले. ती पाटलाच्या बाजूनं, त्याच्याकडं मान किंचित वळवून, पळत राहिली, जणू दोघं कुठंतरी सोबतीनं निघाली होती. जॉकीनं चाबूक मारला तेव्हा ती बिचकून आणखी मागं पडली. मागून तिघं पुढं निघून गेले.

पाटील पहिला आला. साळुंकी पाचवी.

"दीड किलो कमी असूनसुद्धा!" मालक पाहुण्यांना म्हणाला. "शेवटी मादी. मोक्याला कच खाते."

ट्रेनरनं धर्माजीला बाजूला घेतलं. "काही होतं का? खरं सांग."

तेव्हा अजून वेळ होती. साळुंकीवरचा शिक्का पुसता आला असता. पण आधी दोनदा ठीक म्हटलं होतं, आणि नोकरी त्या ठीकवर उभी होती.

"न्हाई, साहेब. कायबी नव्हतं."

पंधरा दिवसांत साळुंकी स्टडला गेली. गाडीत चढताना ती मान इकडून तिकडं हलवत त्याला शोधत होती. तो पाण्याच्या टाकीमागं उभा राहिला.

तीन वर्षांनी तो राजुरीला कायमचा आला. बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाटात, बैलांपुढं घोडी पळते, तिची देखभाल करायला गाडामालक बोलवत. तो जाई, पण शर्यत सुरू व्हायच्या आत घरी परते. आणि आळेफाट्यावर तेच उत्तर देई.

दोन हजार चार साली मंचरच्या बाजारात कांदा उतरवताना त्याला भिका भेटला. तोही नोकरी सोडून डोंगरातल्या घरी आला होता. दोघं पोत्यांवर बसले. भिकानं विडी काढली.

"तुझ्या साळुंकीचं लेकरू जिंकलं म्हनं मुंबईला. घोडा निघाला."

धर्माजीनं पोत्याची सुतळी उलगडली. मग म्हणाला, "भिका, त्या दिवशी ती माजावर व्हती. मला दोन दिस आधी कळलं व्हतं. मी बोललो न्हाई."

भिकानं विडी पेटवली नाही.

"मलाबी कळलं व्हतं," तो म्हणाला. "माझा पाटील दोन दिस वरचा ओठ मुडपून तुझ्या ठाणाकडं वास घेत व्हता. न कळायला मी काय आंधळा व्हतो?"

"मंग साहेबाला का न्हाई सांगितलंस?"

"म्या का सांगू? मला जिकायचं व्हतं." त्यानं विडी कानामागं खोचली. "तुझं काय, धर्माजी? तुझी तर ती व्हती."

धर्माजी उठून कांद्याच्या तोलाकडं गेला.

संध्याकाळी आळेफाट्याच्या हॉटेलात नाशिकच्या गाडीचे उतारू बसले होते. ओळखीच्या ट्रकवाल्यानं नेहमीची हाक दिली, "सांगा की वो पावण्यांना, घोडी घोड्याला हरवती का?"

"एक व्हती साळुंकी," धर्माजी म्हणाला. "मोठ्या शर्यतीत पाचवी आली."

"म्हंजी घोडाच भारी!" ट्रकवाला मांडीवर थाप मारून ओरडला. सगळे हसले.

धर्माजीनं कप खाली ठेवला. "आरं, ऐका तर. त्या दिवशी मी..."

बाहेर कंडक्टरनं घंटी दिली. उतारू पिशव्या उचलून गाडीकडं धावले, ट्रकवाला हिशेब द्यायला गल्ल्याशी गेला, आणि हॉटेलवाल्यानं फडक्यानं टेबल पुसायला घेतलं.