अनंताला बांधलेल्या चिठ्ठ्या

आमच्या रत्नागिरीत पायऱ्यापायऱ्यांच्या प्रत्येक पाखाडीला एक तरी भूत आहे. लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्यातलं एकही मी कधी मानलं नाही. इंजिनिअर माणूस... त्यात हट्टी. इथे असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी मनातल्या मनात टिंगलच करायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी सात वर्षं जपानात, नागोयाला नोकरीला होतो. वय बेचाळीस, लग्न नाही. आई रत्नागिरीत एकटी. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, रिटायर झालेली. बाबा गेल्यापासून सोबत म्हणजे गडग्यापलीकडच्या शेजारीण सुमनकाकी. दोन वर्षांपूर्वी आईचं हृदयाचं दुखणं निघालं, आणि तेव्हापासून तिचं एकच मागणं — मी एकदा येऊन जावं. कायमचं नव्हे हो... आठ दिवस.

मी म्हणायचो, येतो. आणि सुट्टी मिळाली की देवळं बघायला जायचो. तिकडे प्रत्येक ऋतूचं देऊळ वेगळं. चेरी फुलली की एक, पावसाळ्यात निळ्या फुलांच्या ताटव्यांचं दुसरं, पानं लाल झाली की डोंगरातलं तिसरं. मला त्याचं वेडच लागलं होतं. देवळांचे फोटो आईला पाठवायचो. एकदा दारात कोल्ह्यांच्या मूर्ती बघून ती म्हणाली, "देवळात कोल्हे? मग नैवेद्याला काय रे, कोंबडी?"

तिथे देवळात चिठ्ठी काढतात. लाकडी डबा हलवायचा, भोकातून काडी बाहेर येते, काडीवरच्या नंबराची चिठ्ठी घ्यायची. आपण देवाला कौल लावतो त्यातलाच प्रकार. आजार, प्रवास, हरवलेली वस्तू... एकेका गोष्टीबद्दल एकेक ओळ. चांगली निघाली तर पाकिटात ठेवायची. वाईट निघाली तर तिथेच झाडाला नाहीतर तारेला बांधून निघायचं, म्हणजे वाईट तिथेच राहतं.

एप्रिलमध्ये माझी वाईट निघाली. त्यात एक ओळ होती — 'ज्याची वाट पाहिली जाते ते माणूस: येत नाही.' ऑफिसातले सोबत होते, ते म्हणाले, तुझं लग्न काही जमत नाही बघ. मीही हसलो, फोटो काढला आणि चिठ्ठी बांधली. जूनमध्ये दुसऱ्या देवळात भर पावसात काढली, तर तीच ओळ. माझ्या ओल्या अंगठ्याने तिच्यावरचा लाल शिक्का फरकटला. नोव्हेंबरमध्ये तिसरीकडे, पुन्हा तेच. तिन्हींचे फोटो फोनमध्ये आहेत. आईला मात्र ते पाठवले नाहीत — उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? आणि तिन्ही मी माझ्या हाताने तिथेच बांधल्या. इथवर अमानवीय काहीच नाही. ही ओळ कितीतरी चिठ्ठ्यांवर असते.

त्या वर्षी आई फोनवर दोन-तीनदा म्हणाली, "नंदू, तुझी चिठ्ठी मिळाली हो."

मला वाटलं, व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणतेय.

"काय लिहिलंयस रे त्यात? मला नाही कळत."

मी लॅपटॉपवरून मान वर न करताच म्हटलं, "अगं देवळाबद्दलच, नेहमीचं."

"बरं," म्हणाली.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तिकडे सगळे देवळात जातात. मीही रांगेत तासभर उभा राहून चौथी चिठ्ठी काढली. ही चांगली होती. त्याच ओळीत या वेळी लिहिलं होतं, 'येईल, पण उशिरा.' मी खुशीत ती पाकिटात घालतोय तोवर सुमनकाकींचा फोन आला. रत्नागिरीत तेव्हा सकाळचे साडेसात वाजले असतील.

"नंदू... आई गेली रे. अंगणात फुलं काढत होती, तिथंच बसली."

मी घरी पोचलो तो तिसरा दिवस. अग्नी चुलतभावाने दिला होता. माझ्या वाट्याला अस्थी गोळा करणं आलं.

दिवसकार्य उरकल्यावर आईची पोथी उघडली, तर आत तीन कागद. बांधलेलं सोडल्यावर पडतात तशा आडव्या घड्या पडलेले. मी फोन काढून शेजारी धरला. नंबर तेच. मधल्यावर फरकटलेला लाल शिक्का... आणि त्यात माझ्या अंगठ्याचा ठसा.

काकींना हाक मारली. त्या अगदी सहज म्हणाल्या, "ते होय? तुमच्या अंगणातल्या अनंताच्या झाडाला बांधलेले असायचे. पहिला मीच बघितला. म्हटलं, वहिनी, हात लावू नका, कुणी करणी-बिरणी केली असेल. तर म्हणाल्या, नाय गो, हे आमच्या नंदूच्या तिकडचं अक्षर हाय, फोटोत बघितलंय मी. दुसरा तर धो धो पावसात... तरी कोरडा."

मी सगळे हिशोब मांडून बघितले. त्या वर्षात मी भारतात आलो नव्हतो. चिठ्ठ्यांबद्दल इथे कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडे झाडाला बांधलेला कागद सोडून कुणी रत्नागिरीला का पाठवेल, आणि पाठवलाच तर आमच्या अंगणात बांधणार कोण? मला वाटत होतं, मी कुणाची तरी वाट बघतोय. वाट बघणारी इथे होती आणि न येणारा मी होतो. तीन वेळा ते मला माझ्याच हातात लिहून मिळालं, तीनही वेळा मी हसलो. याची माफी आता मागायची तरी कुणाकडे?

नोकरी सोडून आता इथेच राहतो. घरात दुसरं कुणी नाही. रोज सकाळी अनंताकडे जाऊन बघतो, पण काही नसतं.

कागद सापडले त्या दिवशी काकींनी विचारलं होतं, "तुला वाचता येतं ना रे? काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "लिहिलंय... लवकरच येतो म्हणून."

"बघ!" काकी म्हणाल्या. "तुझी आई तेच सांगायची. प्रत्येक कागद घेऊन अख्ख्या आळीत फिरली ती. पोरानं येतो म्हणून लिहिलंय म्हणाली."

ते कागद नागोयाहून अनंतावर कसे आले, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. मला कळून आता उपयोग नाही.