लांबडं हूड

दुपारी जेवून कॉटवर आडवा होतो. वर पंखा घरघरतोय, आतल्या खोलीत बायकोची, शैलाची, शिलाई मशीन चालू आहे. डोळे मिटतात तरी मशीन चालूच राहते, पण आता तो आवाज पुण्याच्या जुन्या बाजारातल्या गर्दीचा आहे. समोर जमिनीवर पोतं पसरलंय आणि त्याच्याशी भूपाल शिरगुप्पे उकिडवा बसलाय. भूपालला जाऊन सात महिने झाले. खांदा द्यायला मीही होतो.

"बस की," तो म्हणतो. "हूड शोधतोय."

मी बसतो. पोत्यावर स्क्रू आहेत, पट्टे आहेत, फुटकी टोपणं आहेत आणि लेन्सच्या तोंडावर बसवायची हूडं आहेत, उन्हाची तिरीप काचेवर येऊ नये म्हणून लावतात ती. सांगलीत आम्हा दोघांकडे एकसारखे रेंजफाइंडर कॅमेरे होते, लेन्सही तीच, रुंद. नवं हूड घ्यायचं तर महिन्याचा पगार गेला असता. म्हणून दोघांपैकी कुणीही पुण्याला निघालं की या ढिगात हात घालायचा, हे ठरलेलं.

तीस वर्षांपूर्वी मला इथे दोन सापडली. एक बुटकं, आमच्या लेन्सचंच. दुसरं लांबडं, भलत्याच लेन्सचं, पण आटे त्याचेही बसत होते. ते फोटोचे कोपरे खाणार हे हातात धरताच मला कळलं. बुटकं मी ठेवलं, लांबडं भूपालला दिलं आणि दोन्ही सारखीच आहेत असं ठोकून दिलं. त्याचे फोटो माझ्यापेक्षा बरे यायचे, एवढंच कारण. भिकारडं कारण आहे, पण दुसरं नाही.

भूपाल ढिगातून हूड उचलतो, कॅमेऱ्यावर फिरवून बसवतो, आणि आम्ही त्याच्या घराच्या अंगणात आहोत. पोत्यावर आता जाजम आहे. घरची सगळी माणसं ओळीनं उभी राहिलीत. त्याची आई, अक्का, पुढे खाली, अगदी डाव्या कोपऱ्यात पाटावर बसलीय. आज दुपारी ती जैन साध्वीची दीक्षा घेणार. त्यानंतर तिला घर नाही, रंगीत लुगडं नाही, आणि पोरांनी तिला आई म्हणून हाक मारायची नाही. मध्ये बस म्हणून सगळे विनवतायत. ती म्हणते, निघालेल्या माणसानं मध्ये कशाला बसायचं, आणि फोटो एकच काढ, दुसऱ्याला मी बसणार नाही.

रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून दिसत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून दिसतं. हूड काय खातंय ते काढणाऱ्याला कळत नाही. भूपाल खिडकीला डोळा लावून हसतो, कारण अक्का त्याला स्वच्छ दिसतेय. मी त्याच्या शेजारी उभा आहे, तेव्हा होतो तसाच. "ते हूड काढ," एवढंच म्हणायचंय. मी तोंड उघडतो आणि मिटतो. खटका पडतो.

डार्करूमचा लाल दिवा. ताटलीतल्या कागदावर काका उमटतात, वहिन्या उमटतात, पोरं उमटतात. चारही कोपरे काळेच राहतात. भूपाल कागद हलवतो, वाट बघतो, पुन्हा हलवतो. मी म्हणतो की काचेतच दोष असेल. तेव्हाही हेच म्हणालो होतो, आणि त्यानं वैतागून कॅमेरा विकला तेव्हा बरं केलंस म्हणालो होतो.

"माहीत हुतं मला," भूपाल ताटलीत बघत म्हणतो. "कॅमेरा इकल्यावर, पुढच्याच महिन्यात. तू चहा सांगायला गेलतास, तवा तुझं हूड बघितलं."

हा माणूस त्यानंतर तीस वर्षं रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला. माझ्या पोरीच्या लग्नात घरच्यासारखा राबला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्यासमोर लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर त्याचा संतापही येतो, की इतकी वर्षं माझ्या घरी बसून हा माझ्याकडे नुसता बघत होता. मी त्याची माफी मागतो. तो मान हलवतो, नाही म्हणून.

"जित्तेपणी मागायची हुतीस. आता माज्याकडं काय हाय द्यायला?"

ताटलीतून तो लांबडं हूड काढतो, निथळतं, आणि माझ्या उजव्या डोळ्यावर टेकवतो. अक्का दिसती का, विचारतो. अंगण दिसतं, माणसं दिसतात, पाट दिसत नाही. मी नाही म्हणतो.

"नीट बघ की," म्हणत तो आणखी दाबतो. कड हाडात रुतते.

शैला मला हलवतेय. मशीन बंद आहे, चार वाजलेत. डोळ्याला काय झालं, ती विचारते. मी उठून आरशात बघतो. उजव्या डोळ्याभोवती गोल वळ उठलाय, लालभडक, आणि त्यात आट्यांच्या बारीक रेघा. बोट लावलं की ठणकतो.

आता सांगून टाकावं. भूपालला ती राखी बांधायची. ती समोर उभी आहे, घरात दुसरं कुणी नाही.

"चष्मा रुतला असेल झोपेत," मी म्हणतो.

शैला आत जाते, फ्रिजवर ठेवलेला माझा चष्मा आणते आणि माझ्या हातात देते.