यंत्रमानवाला विचारलेले प्रश्न

कोयनेचा भूकंप व्हायच्या आधीच्या एका गणपतीत, कराडात, आमच्या गल्लीनं यंत्रमानव उभा केला. कारण साधं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या गल्लीनं कालियामर्दनाचा देखावा केला होता आणि त्यातला नाग खरोखर मान हलवायचा. आमची मंडळी वर्षभर त्या नागाच्या नावानं बोटं मोडत होती. माझा थोरला भाऊ एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होता आणि त्यानं कुठल्याशा मासिकात परदेशातल्या यंत्रमानवाचं चित्र पाहिलं होतं. त्यानं मंडळाच्या सभेत सांगितलं, नाग काय कुणीही हलवील, आपण माणूस हलवू. कोयनेची वीज आलीच आहे तर तिचा काही तरी उपयोग करायला हवा, असं म्हणून अध्यक्षांनी मान्यता दिली.

पत्रा कापला, तेलाचे डबे ठोकून हातपाय केले, डोळ्यांच्या जागी सायकलचे दिवे बसवले आणि पोटात गिरणीची जुनी मोटार घातली. पहिल्या चाचणीला यंत्रमानवानं उजवा हात वर नेला, अध्यक्षांची टोपी उडवली आणि हात खाली आणायला साफ नकार दिला. दुसऱ्या चाचणीला पोटातून धूर आला. गणपती तर तोंडावर आलेले. तेव्हा मंडळानं एकमतानं ठरवलं की मोटार काढायची आणि आत माणूस घालायचा. माणसासारखं वागणारं यंत्र करायला निघालेली मंडळी आता यंत्रासारखं वागणारं माणूस शोधायला लागली. त्यासाठी आपल्याकडं फार लांब जावं लागत नाही.

अडचण एवढीच की गल्लीतली पोरं सगळी तालमीतली. एकाचीही छाती त्या पत्र्यात मावेना. मावले ती फक्त मी. तेव्हा मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि अंगानं अशी, की दोन स्थळांनी "पोरगी लयच काडी हाय" म्हणून नकार कळवला होता. माझ्या काडीपणाचं कुणी चीज केलं असेल तर ते त्या यंत्रमानवानं. भावानं आईला पटवलं, आणि वडिलांना कळू द्यायचं नाही असं ठरलं. रोज संध्याकाळी मी मैत्रिणीकडं अभ्यासाला जायची म्हणे.

त्याच गणपतीत तासगावकडचं तिसरं स्थळ आलं. पितृपंधरवडा लागायच्या आत त्यांना मुलगी बघून घ्यायची होती. मुलाचे वडील पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मोठी उसाची जमीन आणि त्याहून मोठ्या मिशा. माझ्या वडिलांनी मला आधीच बजावलं होतं की या वेळी पसंती आली तर दिवाळी झाल्या झाल्या बार उडवायचा आणि कॉलेज बंद. मला कॉलेज सोडायचं नव्हतं. मला इतिहास आवडत होता. आणि वर्गात बाकावर बसलेल्या मुलीला कुणी उठून चालून दाखवायला सांगत नाही, हे तर त्याहून आवडत होतं. पण हे घरात बोलणार कुणाशी?

आईनं आठवडाभर माझी तालीम घेतली. नजर खाली, पावलं लहान. वडीलधारी माणसं आत येताना खोकतात. तो खोकला कानावर आला की हात डोक्याकडं गेला पाहिजे आणि पदर पुढं आला पाहिजे. शेवटी शेवटी वडील खोकले काय, शेजारचे आजोबा खोकले काय, माझा हात आपोआप वर जायचा. भावाला मोटारीकडून जे करून घेता आलं नाही ते आईनं माझ्याकडून करून घेतलं.

बघायचा कार्यक्रम सकाळी झाला. सुभेदारांनी नाव विचारलं. उंबऱ्यापर्यंत चालून दाव म्हणाले, दावलं. सुईत दोरा ओवायला लावला, ओवला. वेणी सोडायला लावली, केस खरे निघाले. मुलाच्या मामांनी विचारलं की मुलीला पुढं शिकायचं आहे का. आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर वडिलांनीच सांगून टाकलं की छे, शिकणं आता बास झालं. मुलगा पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. त्याला नोकरीचं विचारलं तर उत्तर सुभेदारांनी दिलं. चहा आणखी हवा का विचारलं तर मामांनी नको म्हणून सांगितलं. त्याची आई बायकांत भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. आम्हा तिघांना चालवायला एकच किल्ली पुरली असती. जाताना सुभेदार म्हणाले, संध्याकाळी गावातले गणपती बघतो आणि मग काय ते सांगतो.

दिवे लागल्यावर मी पत्र्यात शिरले. भाऊ लाउडस्पीकरवरून सांगत होता की आमचा यंत्रमानव परदेशी तंत्रानं चालतो आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्या तोंडाशी ग्रामोफोनचा जुना कर्णा बसवला होता, त्यातून आवाज घोगरा आणि पुरुषी यायचा. लोक रांग लावून विचारत. पाऊस किती दिवस राहील, पोरगं मॅट्रिक होईल का, म्हशीला रेडी होईल की रेडा. मी तोंडाला येईल ते सांगे आणि लोक माना डोलवत. आमटीत मीठ किती घालू एवढंही ज्या गावानं मला कधी विचारलं नव्हतं, त्या गावाच्या पिकापाण्याचा निकाल मी देत होते.

मग पत्र्याच्या फटीतून मिशा दिसल्या. सुभेदार पायरी चढले आणि सवयीनं खोकले. माझा उजवा हात वर गेला. पदर कुठला सापडायला! पत्र्याचा पंजा पत्र्याच्या कपाळावर ठण्णकन आपटला आणि तिथंच राहिला. आता बिंग फुटलं, असं मला वाटलं. पण सुभेदारांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि यंत्रमानवाला कडक सॅल्यूट ठोकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुभेदार मागं उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना म्हणाले की याला म्हणतात शिस्त. वडिलांची छाती अभिमानानं फुगली. सकाळी माझ्या वेळी ती फुगली नव्हती.

सुभेदार माझ्याकडं वळले आणि त्यांनी विचारलं, "आमच्या पोराचं लगीन यंदा करावं का?"

हा प्रश्न सकाळपासून मला कुणी विचारला नव्हता. मी कर्ण्यात तोंड घातलं. "तीन वर्षं थांबा. पोरीला शिकू द्या."

लोक हसले. सुभेदार हसले नाहीत. पोरीबाळींचं ऐकायची त्यांना सवय नव्हती, पण यंत्राचं ऐकलं नाही तर चारचौघांत अडाणी ठरायची भीती. त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली की तीनच ना. तीनच, असं मी सांगितलं, आणि ते मिशीवर बोट फिरवत खाली उतरले.

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको वर आली. तिनं पत्र्यावर हात ठेवला, तोंड फटीजवळ आणलं आणि हळूच विचारलं, "आत लय उकडतंय का गं?"

आयुष्यभर पदर सावरणाऱ्या बाईला तो हात सॅल्यूटचा वाटायचं काही कारणच नव्हतं. तिच्याशी मला खोटं बोलवेना. कर्णा बाजूला सारून मी म्हणाले, "व्हय."

"मलाबी," ती म्हणाली.

मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आवं, यंत्र सांगतंय त्ये खरं हाय. पोरीला शिकू द्या." चारचौघांत तिनं तोंड उघडलं ते दिवसभरात तेवढंच. यंत्राचा आधार नसता तर तेही तिला उघडता आलं नसतं.

दोन दिवसांनी निरोप आला. यंत्र म्हणतंय तर तुमची पोरगी शिकू दे, पण तीन वर्षं थांबणं आम्हाला जमणार नाही, आम्ही दुसरीकडं बघतो. वडील आधी मंडळावर चिडले, मग माझ्या काडीपणावर, आणि शेवटी म्हणाले की यंत्रच म्हणतंय तर शीक बापडे तीन वर्षं, विज्ञानापुढं आपलं काय चालणार. यंत्रात कोण होतं हे ठाऊक असलेली आई चुलीकडं तोंड करून बसली होती ती काही वळली नाही. मी इतिहास घेऊन बी. ए. झाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाचं लग्न झाल्याचं कळलं. पाटणकडची मुलगी केली होती, शाळेतून काढून. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि सगळ्यांचा रागही आला, कारण मी सुटले होते ती तिला अडकवून. मैत्रिणी म्हणाल्या, असल्या घरात सासू तिला छळून छळून मारील. पण त्या घरात तिला उकडतंय का असं विचारणारं एकच माणूस होतं, आणि ती तिची सासूच होती.