हजेरीमास्तरांचे सहा गुरुवार

आमच्या बटणांच्या कारखान्यात मालकाला कुणी घाबरत नसे, कारण मालक वर्षातून दोनदा दिसायचा. घाबरायचं ते हजेरीमास्तरांना. फाटकाजवळ एका खुर्चीपुरती पत्र्याची खोली, तिच्यात हा माणूस सव्वीस वर्षं कानावर लाल पेन्सिल खोचून बसला. नावं सगळ्यांची पाठ, पण हाक मारायची खात्याच्या नावानं. मी पॅकिंग. माझा नवरा होता तोवर तो पॉलिश.

मग फाटकावर अंगठ्याचं यंत्र आलं आणि मास्तरांची खुर्ची गेली. त्यांच्याबरोबर आणखी ऐंशी जणांना नारळ मिळाला. राहिलो आम्ही त्रेसष्ट, ज्यांचा पगार चार वर्षांत जागचा हलला नव्हता. बटणं हाताळून आमचे अंगठे इतके गुळगुळीत झालेले, की यंत्र आम्हाला ओळखतच नसे. रोज सकाळी तीन-तीनदा अंगठा दाबून मी मीच आहे हे पटवून द्यायचं.

शेवटी ठरलं, कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीसमोर धरणं धरायचं. दर गुरुवारी, कारण त्या दिवशी कारखाना बंद. काढलेल्यांना परत घ्या आणि राहिलेल्यांचा पगार वाढवा, एवढंच मागणं. पुढारी कोण, यावर दोन तास भांडण झालं. शिट्टी फक्त मास्तरांकडे होती, म्हणून मास्तर झाले.

आणि तिथंच आमचं घोडं पेंड खायला लागलं. पहिल्याच गुरुवारी मास्तर फूटपाथवर टेबल मांडून, कोरी हजेरीवही उघडून बसलेले. दहाला शिट्टी. पाच मिनिटांची सूट, मग दोरी आडवी. दुसऱ्या गुरुवारी मी धापा टाकत पोचले तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"पॅकिंग, चार मिनिटं उशीर. परत जा."

"अहो मास्तर, हे धरणं आहे, कारखाना नाही!"

"म्हणून तर. कारखान्यात माणूस पगारासाठी तरी वेळेवर येतो. इथं लाज धरून यायचं असतं."

आणि खरंच परत पाठवलं मला! घोषणा द्यायला माणसं कमी पडताहेत आणि आमचे पुढारी आलेली माणसं हाकलताहेत. एकला जेवणाची शिट्टी व्हायची. "पगारवाढ झालीच" एवढ्यावर घोषणा तुटायची आणि डबे उघडायचे. चौथ्या गुरुवारी कामगार अधिकारी साहेब स्वतः निवेदन घ्यायला खाली आले, ते नेमके सव्वाएकला. मास्तर उभे राहून अदबीनं म्हणाले, "साहेब, दीडला या. आत्ता सुट्टी आहे." साहेब गेले ते दोन आठवडे फिरकले नाहीत.

सहाव्या गुरुवारी ते आले आणि सोबत कारखान्याचा मॅनेजर होता. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, काढलेल्यांचं सोडा. पण माझे कामावरचे लोक खूश आहेत. इथं बसलेत ते भाड्याचे."

एवढं ऐकल्यावर मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाड्याचे? माझ्याकडे वही आहे! कामावरचे त्रेसष्ट, सगळ्यांची नावं, खातं, आल्याची वेळ."

मॅनेजर गालात हसला. साहेबांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, आता बोललातच तर सोमवारी वही घेऊन या, दोन्ही बाजूंना नक्कल मिळेल. म्हणजे कुणाला काढायचं याची यादी, स्वच्छ अक्षरात, आमच्याच पुढाऱ्याच्या हातची. शनिवारी मॅनेजर मास्तरांच्या घरी जाऊन आला. यंत्र नीट चालत नाही म्हणे, खुर्ची परत देतो, वही तेवढी आणा.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर आम्ही दहाबाराजण त्यांच्या दारात गेलो. "जाळून टाका ती वही," मी म्हटलं.

"हजेरीवही? जाळू?" मास्तर असे बघत राहिले, जसं काही मी त्यांचं घरच पेटवायला सांगितलं. मग आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला काय विचारता? माझ्याशी तरी कधी धड बोललेत? सकाळपासून आत लिहीत बसलेत." मी गल्लीत उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. विकला गेलेला माणूस म्हणाले. दोन मुलींच्या फिया माझ्या डोळ्यांसमोर होत्या, मला कुठली शुद्ध.

सोमवारी काय झालं ते कँटीनच्या मावशींनी सांगितलं. त्या काढलेल्यांतल्या, त्यामुळे त्या तिथं होत्या. मास्तरांनी नवी कोरी दिसणारी वही टेबलावर ठेवली. सहा गुरुवार, ओळीनं. काढलेले ऐंशी हजर. आम्ही त्रेसष्ट, सहाच्या सहा गुरुवार, लाल पेन्सिलीनं गैरहजर.

मॅनेजर तडकला. "न आलेल्यांची नावं कशाला लिहिलीत?"

"हजेरीवहीत नाव असतंच," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय गैरहजर कुणाला म्हणायचं?"

सव्वीस वर्षांत या माणसानं सख्ख्या भावाचासुद्धा अर्धा दिवस खोटा भरला नव्हता. खुर्चीचं नाव मॅनेजरनं पुन्हा काढलं नाही. ऐंशी जणांचं प्रकरण साहेबांनी दाखल करून घेतलं. वही मिटत ते म्हणाले, "पण पगारवाढ मागायला कामावरचं कुणीच आलेलं दिसत नाही. येत्या गुरुवारी मी खिडकीत उभा राहीन. नावं नकोत, डोकी मोजीन. निम्मी दिसली तरी मागणी पुढं धाडतो."

त्या गुरुवारी मी पावणेदहालाच पोचले. मास्तरांची माफी मागायची होती. टेबल नव्हतं, दोरी नव्हती, वही नव्हती. काढलेले सगळे एका बाजूला बसले होते आणि मास्तर मोकळे हात मागं बांधून उभे होते. दहा वाजले. साडेदहा झाले. साहेब खिडकीत होते.

त्रेसष्टांतले आम्ही अकरा आलो.

मास्तरांचा हात दोनदा कानाकडे गेला आणि खाली आला. "आज वेळेवर आलीस, पॅकिंग," ते म्हणाले. मला रडू आलं. आमच्या जिवासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटी हजेरी लिहिली होती, आणि आम्ही एका आठवड्यात ती खरी करून दाखवली.