कर भरायला आलेल्या बाई

पोलीस ठाण्यात लोक काय काय घेऊन येतात, हे सांगत बसलो तर आणखी एक नोकरी कमी पडेल. पण कर भरायचा आहे म्हणून ठाण्याची पायरी चढलेली बाई मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिली. निवृत्तीनंतर बरेचसे गुन्हे एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं.

तेव्हा मी पश्चिम पुण्यातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सुरुवात झाली एका निनावी फोनने. कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर रुग्णसाहित्याचं केंद्र होतं. आजाऱ्यांसाठी पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या अशा वस्तू घरी वापरायला देणारं. फोन करणाऱ्याचं म्हणणं, ही धर्मादाय संस्था बोगस आहे आणि लोकांची फसवणूक करते. "भाडं आजाऱ्याकडून घ्यायचं, कर सरकारचा बुडवायचा आणि पुण्य मात्र स्वतःच्या नावावर," हे त्याचं वाक्य ठाणे अंमलदाराने शब्दन् शब्द टिपून घेतलं होतं.

कर हा पोलिसांचा विषय नव्हे. पण 'फसवणूक' म्हटलं की जाऊन बघावं लागतं. मी हवालदारांना घेऊन स्वतःच गेलो, कारण खरं सांगायचं तर संस्था म्हटलं की माझ्याही कपाळाला आठी पडायची. आम्हा पगारदारांचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. सेवेच्या नावावर इमले बांधणारे मात्र सवलत घेऊन मोकळे, हे बघून कुणाचंही डोकं फिरतं.

केंद्र चालवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा घेतलेला लोखंडी पलंग त्यांच्या माघारी रिकामा पडला होता. तो कुणीतरी वापरायला मागून नेला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मी गेलो तेव्हा एक गृहस्थ वडिलांसाठी पलंग न्यायला आले होते. बाई त्यांना विचारत होत्या, "खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे?" गृहस्थ वैतागले. खिडकीचा काय संबंध म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "वडील सहा महिने एका अंगावर पडून राहणार. भिंत बघत राहणार की रस्ता, ते आज आपण ठरवतोय. धरून उठायची दांडी त्याप्रमाणे डावी-उजवी लावून देते." तिथेच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, हे कबूल करतो.

नोंदणी ठीक होती, भाडं नाममात्र होतं आणि तेही दुरुस्तीत व टेम्पोत जात होतं. फोन खोडसाळ असल्याची स्टेशन डायरीत नोंद करून मी विषय संपवला.

पुढच्याच आठवड्यात बाई ठाण्यात हजर. बरोबर संस्थेचे कोषाध्यक्ष, भला पण भित्रा माणूस. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला कर भरायचा आहे."

मी म्हटलं, "बाई, तो इथे नाही भरत."

"ठाऊक आहे. जिथे भरतात तिथे जाऊन आले. ते म्हणतात, तुमच्याकडून काही येणं नाही. आणि जे मागायला आले होते, त्यांना तिथे कोणी ओळखत नाही. मग म्हटलं, पोलिसांत विचारावं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मी केंद्रात जाऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस तिथे गेला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं नम्र. आपण कर विभागाचे अधिकारी आहोत, असं त्याने सांगितलं. तुमची सवलत रद्द होणार, मागचा सगळा कर दंडासकट वसूल होणार. पोलीस येऊन गेलेच आहेत, प्रकरण पेपरात जायच्या आत काय ते मिटवून टाका. कार्यालयात येऊ नका, तिथे गाजावाजा होईल. विश्वस्तांशी बोलून घ्या, मी फोन करीन.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मिटवायचं कशाला? लागत असेल तर भरते की. आमच्या दारातला रस्ता काय पुण्याईने झाडला जातो? तर ते गृहस्थ गडबडले. कर मागणारा माणूस, कर भरते म्हटल्यावर का गडबडावा? म्हणून मी कार्यालय गाठलं." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आदल्या दिवशी आलात, ते दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा मला तुमचाही संशय आहे. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या कानशिलाला चटका बसला. राग बाईंचा नव्हता. तो निनावी फोन कशासाठी होता, ते मला त्या क्षणी कळलं होतं. आधी पोलिसांना दारात पाठवायचं आणि मग त्या भीतीवर आपली पोळी भाजायची. एका भामट्याने माझी वर्दी भाड्याने घेतली होती, तीही फुकटात.

बाईंना मी म्हटलं, फिर्याद द्या. कोषाध्यक्षांच्या पाचावर धारण बसली. "साहेब, गुन्हा त्याच्यावर दाखल होईल, पण कोथरूडमध्ये बोलतील ते 'ट्रस्टवर पोलीस केस झाली' असं. देणग्या थांबतील. नाव गेलं की आमच्याकडे आहे काय?" त्यांचं चुकत नव्हतं. अशा संस्थेची सारी भिस्त नावावर असते. ते बुडालं असतं तर पलंग गोदामात आणि आजारी जमिनीवर, इतकं ते सरळ होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज आपण गप्प बसलो तर तो उद्या दुसऱ्या संस्थेत जाईल. लिहून घ्या साहेब." आणि सही करून मोकळ्या झाल्या.

मी इतर ठाण्यांतल्या सहकाऱ्यांना विचारलं. स्वारगेटकडे, कात्रजकडे, तसलेच फोन येऊन गेले होते. एक वृद्धाश्रम, एक कर्णबधिर मुलांचं वसतिगृह. सगळीकडे चौकशी झाली होती, काही निघालं नव्हतं आणि तक्रारही कुणी दिली नव्हती. मी जाऊन खोदून विचारलं तेव्हा कळलं, बहुतेकांनी 'मिटवून' टाकलं होतं. काळं काही नसलेल्या माणसांनी पैसे दिले होते. चोराला पोलिसांची भीती वाटते, हे मी जाणून होतो. प्रामाणिक माणसाला संशयाची त्याहून जास्त वाटते, हे तेव्हा पाहिलं.

आमच्या ठाण्यात आलेल्या निनावी फोनचा नंबर परराज्यातल्या कुणाच्या तरी नावावर होता आणि बंद होता. तिथे तपास अडला. तेव्हा मी बाईंच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली आणि समोरच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला बसवून ऐकवलं, "भाडं आजाऱ्याकडून घ्यायचं, कर सरकारचा बुडवायचा आणि पुण्य मात्र स्वतःच्या नावावर. लिहून घ्या."

लिहून घ्यायची गरज नव्हती. ते वाक्य आमच्या डायरीत होतंच. मी त्यांना ठाण्यात बोलावलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे, चष्म्यावरून बघणारे. मी सरळ विचारलं, "निनावी फोन तुम्ही केलात?"

"अहो, निनावी कशाला करीन? हे मत मी बाईंना तोंडावर सांगितलंय. सोसायटीच्या सभेत सांगितलंय. उद्या त्यांच्या दारात उभं राहून सांगेन. कर माफ म्हणजे काय? त्यांच्या वाट्याचा मी भरतो. संस्थांनी कर भरलाच पाहिजे."

"मग तुमचं वाक्य त्या फोनवाल्याच्या तोंडात कसं आलं?"

ते पहिल्यांदा गोंधळले. चष्मा काढून पुसत बसले. अशा वेळी अधिकाऱ्याने मध्ये बोलू नये. गप्प राहिलं की माणूस स्वतःच आपली आठवण शोधायला लागतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तो पाहणीवाला."

त्या निनावी फोनच्या काही दिवस आधी एक माणूस त्यांच्याकडे आला होता. धर्मादाय संस्थांनी कर भरावा की नाही, याबद्दल लोकांचं मत गोळा करतोय म्हणाला. गृहस्थांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मत विचारत होतं. त्यांनी त्याला तासभर बसवून घेतलं. समोरचं केंद्र कोण चालवतं, विश्वस्त कोण, कोषाध्यक्ष कुठे राहतात, सगळं ओघात सांगून टाकलं. "त्याने होकारार्थी मान इतकी हलवली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पुण्यात एवढं कोणी मान्य करत नाही," असं ते म्हणाले. वर्णन मात्र त्यांनी नखशिखांत दिलं, आणि ते बाईंच्या तोतया अधिकाऱ्याशी तंतोतंत जुळलं.

पुढचं काम सोपं झालं. म्हटल्याप्रमाणे त्या तोतयाचा फोन आला तेव्हा कोषाध्यक्षांनी आम्ही सांगितल्याप्रमाणे 'तयार आहोत, या' म्हटलं. त्या सकाळी केंद्रात पंच गिऱ्हाईक होऊन बसले. आमचे हवालदार साध्या वेशात चाकाच्या खुर्चीवर, पायाला पट्टी बांधून. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. खुर्ची तुमच्या मापाची नाही म्हणून दुसरी दिली. पैशांचं पाकीट स्वीकारून तो निघाला आणि हवालदार खुर्चीतून उठून उभे राहिले, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चौकशीत तो ताकास तूर लागू देईना. आपण वॉकर बघायला आलो होतो, पाकिटात काय होतं माहीत नाही, एवढंच. दमदाटीने अशी माणसं बोलत नाहीत, ती आपल्या हुशारीबद्दल विचारलं की बोलतात. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "तुमच्या पाहणीत निघालं काय हो? संस्थांनी कर भरावा की नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. पूर्वी तो खरोखरच घरोघर फिरून असल्या पाहण्या करायचा. "साहेब, काही म्हणतात भरावा, काही म्हणतात चांगलं काम करतात, कशाला छळायचं. पण कुठेतरी पाणी मुरतंय, असं दोघांनाही वाटतं. आणि लोकांना तसं वाटतं, हे संस्थावाल्यांना माहीत असतं. मला खोटं काही रचावं लागलंच नाही." एवढं बोलल्यावर बाकीचं त्याला लपवता आलं नाही.

दोषारोपपत्र गेलं, पण कोषाध्यक्षांची भीतीही खरी ठरली. कोथरूडमध्ये कुजबुज झालीच. देणग्या आटल्या, टेम्पो बंद करावा लागला. मोडलेल्या खुर्च्या दुरुस्तीवाचून पडून राहिल्या. मी भेटायला जायचो तेव्हा मला ओशाळल्यासारखं व्हायचं. बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट बसने फिरून इतर संस्थांना साक्षीसाठी तयार करत होत्या. त्या वृद्धाश्रमाच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "आपल्याला कर माफ आहे तो लोकांच्या जिवावर. मग लोकांपासून लपवायचं कसलं?" अध्यक्ष साक्षीला आले.

खरी कसोटी लागली ती शेजारच्या गृहस्थांच्या साक्षीत. आरोपीला ओळख परेडीत त्यांनी ओळखलं होतं, आणि पंच सोडले तर कुठल्याही संस्थेशी काडीचा संबंध नसलेले साक्षीदार ते एकटेच होते. बचावाच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"तुम्ही या संस्थेच्या विरोधात आहात, हे खरं ना?"

"तिच्या करमाफीच्या विरोधात आहे."

"म्हणजे संस्था लोकांचे पैसे बुडवते, असं तुमचं मत आहे?"

"कर भरावा, असं माझं मत आहे. काल होतं, आज आहे, उद्याही राहील. पण तो सरकारने मागावा. या माणसाने माझं मत माझ्या घरातून उचललं आणि दुसऱ्याला लुबाडायला वापरलं. माझ्या मताची चोरी झाली आहे, साहेब. मी त्याची साक्ष द्यायला आलोय."

कोर्टात हशा पिकला, पण वकील खाली बसले. मी मागच्या बाकावर होतो. बाजूने बोलणारे साक्षीदार मी पोत्याने पाहिले. विरोधी मत जरासुद्धा न सोडता खरं बोलायला आलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि माझे डोळे भरून आले. वर्दीत असल्यामुळे मी टोपी नीट केल्यासारखं केलं.

आरोपीला शिक्षा झाली. पण केंद्राला वाचवलं ते शिक्षेने नाही. 'तो खडूस माणूससुद्धा बाईंच्या बाजूने उभा राहिला' ही बातमी कोथरूडभर झाली आणि लोक परत येऊ लागले. टेम्पो पुन्हा सुरू झाला.

पुढे बाईंनी त्या गृहस्थांना विश्वस्त व्हा म्हणून विचारलं. मी तिथेच होतो. ते म्हणाले, "नको. विश्वस्त झालो तर तुमच्याविरुद्ध बोलायची चोरी होईल." बाई म्हणाल्या, "मग दर सभेला येऊन बोला. खुर्ची राखून ठेवते." ते अजून जातात आणि बोलतात. बाई अजून पटलं तेवढं मान्य करतात.

संस्थांनी कर भरावा की नाही, असं मला अजूनही कुणी विचारतं. या प्रकरणानंतर मी संस्थांकडे आठी घालून बघत नाही आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांकडेही नाही. कर असावा की नसावा, ते सरकार ठरवील. असा एक शेजारी मात्र प्रत्येक संस्थेला असावा.