कमी झालं, म्हणजे काय?

पप्पांना नीट ऐकू येत नाही. लिंबायतच्या कापड कारखान्यात लूमवर उभं आयुष्य गेलं, त्या खडखडाटात कानही गेले. आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही. त्यामुळे घरात पप्पांशी बोलायचं काम मम्मीचं आणि त्यांचे इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम माझं.

गेल्या वर्षी त्यांच्या लिव्हरमध्ये कॅन्सर निघाला. गल्लीत आम्ही ‘पोटाचा त्रास’ एवढंच सांगितलं होतं. ‘कॅन्सर’ हा शब्द मी घरातही तोंडातून काढत नसे. खालच्या मावशी काहीही न विचारता बिनतेलाची खिचडी आणून द्यायच्या. त्यांना बहुतेक सगळं कळलेलं होतं, आणि त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. सलाइनमधून औषध सुरू झालं. “ये दवा सबपे काम नहीं करती,” डॉक्टरांनी सांगितलं. पप्पांच्या रक्तात एएफपी नावाचं एक प्रोटीन खूप वाढलेलं होतं. ते सगळ्याच पेशंटचं वाढत नाही. पण ज्यांचं वाढलेलं असतं, त्यांचं सुरुवातीलाच खाली आलं तर औषध लागू पडतंय अशी आशा धरता येते. नाही आलं, तर स्कॅन बघून औषध बदलायचा विचार करायचा. बदलून काय होईल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

औषध सुरू झाल्यावरचा एएफपीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मम्मीला ताप होता. आम्ही दोघंच दवाखान्यात गेलो. पप्पा दमून बाकावर बसले, मी एकटीच केबिनमध्ये गेले. डॉक्टरांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. “अच्छा गिरा है. पक्कं स्कॅननंतर बोलू. पण आज खुश हो सकते हो.” मी दोन्ही रिपोर्ट उचलले.

बाहेर येऊन पप्पांच्या कानाशी वाकले. “कमी झालं.”

“काय?”

“कमी झालं, पप्पा.”

त्यांचा चेहरा उतरला. आमच्या घरात रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही कमी होणं ही कधीच चांगली बातमी नसते. मम्मीचं रक्त कायम कमी, मग बीट आणा, खजूर आणा.

“रक्त कमी व्हयनं?” लूम चालू असल्यासारखे ते ओरडले. अख्खी रांग वळून बघायला लागली.

“रक्त नाही. एएफपी.”

“बीपी?”

“बीपी नाही हो...”

“मग नीट सांग ना! औषध बंद करनार का आता?”

मनातून त्यांनी सगळं संपवूनही टाकलं होतं.

“पप्पा, कॅन्सरचा आकडा कमी झाला! औषध लागू पडतंय!”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली. समोरच्या म्हाताऱ्या गुजराती बा हसून म्हणाल्या, “हाश! सारुं थयुं, दीकरी.” पप्पा मात्र माझ्याकडेच बघत होते. “इतलं जोरमा बोलता येस तुले?”

मी रडत होते आणि हसतही होते.

शेजारी मांडीवर फाइल घेऊन एक माणूस बसला होता. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, “दीदी, कौनसी दवा चल रही है?” गल्लीत जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं त्याला सांगितलं. औषधाचं नाव, येणारा थकवा, आणि अजून स्कॅन बाकी आहे हेही. पुढे स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. तेव्हा ते माहीत नव्हतं, तरी त्या दिवसाचा आनंद कमी पडला नाही.

तेवढ्यात नर्सनं पप्पांना सलाइनसाठी हाक मारली. ती त्यांना ऐकू आली नाही, मीच हात धरून उठवलं. जाता जाता ते त्या माणसापुढे थांबले आणि आपल्या अहिराणीतच म्हणाले, “तुमनं बी कमी व्हई.”

त्याला भाषा कळली नसावी. तरी त्यानं फाइल बाजूला ठेवली आणि हात जोडले.